कापसाच्या खोलीतली राणू

“साब, मांजर बोलून राह्यली,” काशिनाथराव फोनवर म्हणाले.

मी जेवायला बसलो होतो. घास हातात तसाच राहिला. जनावरांच्या डॉक्टरला चमत्कारिक फोन येतातच. म्हैस रुसली, बैलाला दृष्ट लागली, कोंबडी आरवली. पण काशिनाथराव त्यातले नव्हेत. नार्नूरच्या अलीकडच्या एका गावात त्यांची कापसाची आणि ज्वारीची शेती आहे. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत, कारण मला तिकडे अजून जावं लागतं. बैलाचा पाय मोडला तरी “थोडा लंगडून राह्यला” एवढंच सांगणारा हा माणूस.

“काय बोलते?”

“शबूद समजत नाई. कापसातून बोलते.”

मागून त्यांच्या बायकोचा, चंद्रभागाबाईंचा, आवाज आला. “पुरं सांगा ना! म्हना, मामाजी कन्हत होते तशीच कन्हते!”

मामाजी म्हणजे चंद्रभागाबाईंचे सासरे. मागच्या हंगामात वारले. ज्या खोलीत वारले, त्याच खोलीत यंदाचा कापूस भरला होता.

“पाणी पिते का?” मी विचारलं.

“नाई. वाटी जशीची तशी हाय.”

“आणि आवाज बदललाय म्हणता?”

“जाड झाला साब. लय जाड.”

माझी भूक गेली. भुतामुळे नाही. भुतांना मी भीत नाही असं मी घरी सांगत असतो. पण लपून बसणं, आवाज बदलणं आणि पाणी न पिणं या गोष्टी एका दमात ऐकल्या की आमच्या धंद्यात एकच शब्द डोक्यात येतो. रेबीज. आणि त्या मांजरीला रेबीजची लस मीच दिली होती. रविवारी. आज बुधवार.

लसीमुळे रेबीज होत नाही, हे आधी सांगून टाकतो. या लसीत मेलेले विषाणू असतात आणि मेलेला विषाणू उठून बसत नाही. पण मांजराला आधीच कुठे पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असेल, रोग आत मुरत असेल, तर नंतर दिलेली सुई त्याला अडवेलच असं नाही. हे गावाला कोण समजावणार? गावात एकच वाक्य फिरणार. डॉक्टरनं सुई दिली आन मांजर पिसाळली. मग पुढच्या लसीकरण शिबिराला मी आणि माझा कंपाउंडर, दोघंच.

रविवारचं शिबिर गावातल्या तरुणांनी शाळेच्या मैदानात भरवलं होतं. कुत्री साखळीला, दोरीला, एक तर चक्क साडीच्या काठाला बांधून आली. मांजरी आल्या त्या पोत्यांतून. आमच्याकडे मांजर पोत्यातूनच न्यायची. तिला रस्ता दिसू द्यायचा नाही. वाटेत पोत्याचं तोंड उघडायचं नाही. घरी आलं की पोतं अंधाऱ्या खोलीत न्यायचं, तिथं मोकळं करायचं, दार ओढून घ्यायचं आणि मागे वळून बघायचं नाही. म्हणजे मांजर घर धरून राहते. हा नियम कोणी घातला माहीत नाही, पण माझ्या आईनेही पाळला आणि मीही कधी मोडला नाही.

पोती सगळी खताची. पांढरी, एकाच छापाची.

कंपाउंडर पोत्याचं तोंड आवळून धरायचा, मागचा एक पाय तेवढा बाहेर काढायचा, आणि मी मांडीत सुई द्यायचो. बाकीची मांजर आतच. मांजरीचं तोंड बघितल्याशिवाय सुईला हात न लावणारे डॉक्टर असतात. त्यांच्या हातांवर खुणाही असतात.

पुढे माझी शिस्त आली. सुईनंतर अर्धा तास कोणी घरी जायचं नाही. क्वचित एखाद्या जनावराला लस सोसत नाही. तोंड सुजतं, उलट्या होतात, धाप लागते, जनावर कोसळतं. ते बहुतेक लवकरच होतं, आणि तिथल्या तिथे इंजेक्शन मिळालं तर वाचतं. म्हणून मी सगळी पोती चिंचेखाली सावलीत ओळीनं ठेवायला लावली. मालक मंडळी चहाला गेली.

ती ओळ मला तेव्हाच बघवली नव्हती. एकही मांजर ओरडत नव्हती. नुसती पांढरी पोती, आणि प्रत्येक पोतं जरा फुगत होतं, जरा बसत होतं. मी चहाचा कप घेऊन पाठ फिरवली. अर्ध्या तासात कोणाला काही झालं नाही. लोक पोती उचलून घरी गेले. शिबिर यशस्वी.

सोमवारी दोन फोन आले.

पहिला काशिनाथरावांच्या सुनेचा, प्रणालीचा. राणू तिचीच मांजर. पैनगंगेपलीकडच्या माहेराहून लग्नानंतर तिच्यासोबत आलेली, अर्थात पोत्यातून. प्रणालीचा नवरा बेल्लमपल्लीला कोळसा खाणीत, तिकडेच क्वार्टरमध्ये राहतो, सुट्टी मिळेल तसा येतो. घरात सासू, सासरे, आणि जिच्याशी माहेरच्या बोलीत बोलावं अशी एक राणू. सुईचा हट्ट प्रणालीनेच धरला होता. सासूचं म्हणणं होतं, “धडधाकट मांजरीले सुई काऊन?”

“सर, राणू कापसात घुसून बसली आहे,” प्रणाली म्हणाली. माझ्याशी ती शाळेतलं मराठी बोलते. “हाक मारली तर फिसकारते. मला ओळखतच नाही वो ती.”

“होतं असं,” मी म्हणालो. “सुईनंतर मांजर एक-दोन दिवस मलूल असते. झोपून राहते, खात नाही, कोपरा धरते. अंगात कसर येते, पाय ठणकतो. सुईच्या जागी बारीक गाठ येईल, ती जिरते. नाहीच जिरली, वाढत गेली, तर दाखवायची. आत्ता तिला निवांत पडू दे.”

“पण माझ्यावर ती कधीच फिसकारली नव्हती.”

“तुला कोणी पोत्यात घालून सुई टोचली असती, तर तू काय केलं असतंस?”

ती हसली नाही.

दुसरा फोन नार्नूरच्या भास्करशेठचा. त्यांचं किराणा दुकान. दुकानात दरोगा नावाचा बोका, पोह्यांची पोती फाडणारा आणि उधारीवाल्यांनाच नव्हे तर रोखीच्या गिऱ्हाइकांनाही ओरबाडणारा. तोही रविवारी शिबिरात आला होता.

“डॉक्टरसाब, काय सुई दिली वो! आमचा दरोगा एकदम सुधरला! कालपासून गुळाच्या डब्यामागं बसून हाय. हू नाई की चू नाई. दूध ठेवलं, थेबी पीत नाई.”

“होतं असं. मलूल असेल. उद्या-परवा उठेल.”

“नोको, नोको, उठवू नका! पुढची सुई कधी देता ते सांगा.”

हे मी घरी रंगवून सांगितलं. बायको म्हणाली, “एक डोस घरी आणून ठेवा.” कोणासाठी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि बुधवारी हा फोन. मी ताट सरकवलं आणि निघालो.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. कापूस न्यायला टेम्पो संध्याकाळी यायचा होता. काशिनाथराव ओट्यावर बसले होते. हाताला फडकं बांधलेलं.

“हे काय?”

“थोडं ओचकारलं.”

ते मांजरीला ओढून काढायला कापसात हात घालून बसले होते. मी त्यांना उठवून नळाखाली नेलं. साबण लावून चांगला पाव तास हात धुवायला लावला. म्हणालो, “उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन सुया सुरू करायच्या. आत काहीही निघो.”

“थोडंच हाय साब.”

“थोडंच पुरतं.”

चंद्रभागाबाई दारात उभ्या होत्या. “आता थे मांजर नाई राह्यली,” त्या म्हणाल्या. “मामाजीचा यंदाचा कापूस पाहाचा राह्यला होता. म्हनून आले.” मग सुनेकडे वळल्या. “टेम्पो याच्या आदी थे पोत्यात घाल आन नदीपल्याड नेऊन सोड. जिथून आली तिथं.”

“आत्या, थे बिमार हाय,” प्रणाली म्हणाली. सासूपुढे शाळेतलं मराठी चालत नाही.

“बिमार कोनं केली? सुई कोनं द्याले सांगतली होती?”

प्रणालीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. माझ्याकडे बघून इतकंच म्हणाली, “सर, तिला वाचवा. ती गेली तर या घरात…” पुढचं वाक्य तिने गिळलं. मला ते न ऐकताच कळलं.

मी तिला खरं सांगितलं नाही. रेबीज असेल तर राणू नदीपलीकडेही जाणार नव्हती आणि या घरातही राहणार नव्हती.

कापसाच्या खोलीत तुम्ही कधी गेला नसाल. आढ्यापर्यंत पांढरं. आगीच्या भीतीनं आत दिवा नाही, खिडकी बंद. भिंतीलगत एक माणूस जाईल एवढी वाट ठेवलेली. पिसाळलेलं जनावर बाहेर सुटायला नको म्हणून मी दार आतून लावून घेतलं आणि बाहेरचं जग संपलं. टेम्पोचा विषय, गायीचं हंबरणं, चंद्रभागाबाई, सगळं बंद. मी “राणू” म्हणालो. तो शब्द माझ्या ओठांपासून वीतभर गेला आणि कापसानं तो खाऊन टाकला. हातात चामड्याचे मोजे, काखेत घोंगडी, बॅटरी. मी स्वतःला अगदी शांत समजत होतो. फक्त मोजे उलट्या हातांत घातले होते, हे नंतर कळलं.

मग कण्हणं आलं.

लांब, जाड, शेवटाला जरा वर जाणारं, काही विचारल्यासारखं. कुठून आलं ते कळेना. भिंतीतून म्हणावं तर आढ्यातून, आढ्यातून म्हणावं तर पायाखालून. मामाजींना मी ओळखत होतो. त्यांच्या बैलांना औषधं दिली होती, त्यांच्या हातचा चहा प्यालो होतो. सांगायला बरं वाटत नाही, पण आवाज त्यांचाच होता.

अशा वेळी माणूस आपल्या धंद्यात शिरतो. मी स्टेथोस्कोप काढला आणि कापसाच्या ढिगाला लावला.

हसा. मलाही आता हसू येतं. मी वाटेनं सरकत गेलो, जागोजाग कापूस तपासत. कुठे काही नाही. डाव्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, नळी टेकवली आणि श्वास ऐकू आला. आत. बाहेर. खूप संथ. मांजरीचा श्वास इतका संथ नसतो. माझाच असणार म्हणून मी माझा श्वास रोखला.

तो चालूच राहिला.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, उजव्या बाजूला पार वर, कापूस ढासळला. मी बॅटरी फिरवली. दोन हिरवे डोळे. त्यांच्याभोवती पांढऱ्या भुवया, खाली पांढऱ्या झुबकेदार मिशा. दाराच्या फटीला डोळा लावलेल्या चंद्रभागाबाईंनी किंकाळी फोडली, “मामाजी!” मामाजींना अशाच मिशा होत्या. मी ओरडलो की नाही ते मला आठवत नाही. प्रणाली म्हणते, ओरडलो.

डोळे माझ्यावर रोखलेले. मी बॅटरी हलवू शकत नव्हतो, आणि म्हणूनच मला पुढचं दिसलं. मिशांखालून एक बारीक शेपटी लोंबत होती. ती हळूहळू वर सरकली, वर सरकली, आणि आत गेली. तोंड मिटलं. गळा हलला.

उंदीर होता. आणि तो गिळला गेला होता.

पिसाळलेल्या मांजराला नीट गिळता येत नाही. घसा लुळा पडतो, जबडा लोंबतो, लाळ गळते. इथे जबडा घट्ट, लाळ नाही, भूक उत्तम. पाण्याची वाटी तशीच होती, कारण घाबरलेलं मांजर माणसांच्या वाटेवर ठेवलेल्या वाटीकडे फिरकत नाही. भुवया आणि मिशा कापसाच्या. मी मोठा श्वास सोडला. या वेळी माझाच.

मांजर वळलं आणि शेपूट ताठ करून ढिगावर चढू लागलं. बॅटरीच्या उजेडात मला त्याची मागची बाजू दिसली. रविवारी माझा सगळा व्यवहार मागच्या बाजूशीच झाला होता, पण एका पायापुरता. आता पूर्ण दिसली. मी नीट बघितलं. पुन्हा बघितलं.

“प्रणाली,” मी दाराकडे तोंड करून ओरडलो, “राणू बोका आहे का?”

मग तिचा आवाज, “सर, ती दोनदा व्याली आहे.”

घोंगडी टाकून मी त्याला धरलं आणि पोत्यात घातलं. बाहेर आलो तेव्हा माझ्याही भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. चंद्रभागाबाई दोन पावलं मागे सरल्या.

“काशिनाथराव, रविवारी चिंचेखालून कोणतं पोतं उचललंत?”

“आपलंच.”

“कशावरून?”

त्यांनी बराच विचार केला. “तोंडाले सुतळी होती.”

सुतळी सगळ्याच पोत्यांच्या तोंडाला होती. घरी आणून त्यांनी नियमाप्रमाणे ते अंधाऱ्या खोलीत मोकळं केलं, दार ओढलं आणि मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर कोणी त्या मांजराला उजेडात बघितलंच नव्हतं. करडे पट्टे तर या भागातल्या निम्म्या मांजरांना असतात. आणि मला एकदम गुळाचे डबे आठवले.

मी, प्रणाली आणि पोतं नार्नूरला गेलो. भास्करशेठ पुडी बांधत होते.

“पोत्यात कोन हाय?”

“तुमचा दरोगा.”

“दरोगा तं आत हाय! कसा देवमानूस झाला थो.”

प्रणाली उंबऱ्यात उभी राहिली. आत न जाता, अगदी हळू म्हणाली, “राणू, ये वो बाई.”

गुळाच्या डब्यामागून ती बाहेर आली. वाळलेली, केस विस्कटलेले. तीन ढांगांत प्रणालीच्या खांद्यावर चढली आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. प्रणाली तशीच पाठमोरी झाली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

भास्करशेठनी सगळं बघितलं. “म्हंजे सुईनं कायबी फरक नाई पडला?”

“पडला. दरोगाला रेबीज होऊ नये म्हणून दिली होती.”

“थे सोडा वो. सुधरला नाई ना?”

माझ्या पायाशी पोतं गुरगुरलं. त्यांनी उसासा टाकला आणि पोह्यांची पोती फळीवर चढवायला घेतली.

दोन्ही मांजरं परक्या घरात पडून भ्यालेली होती. एक भिऊन ओरडत होतं, दुसरं भिऊन गप्प बसलं होतं. आणि मी दोघांनाही फोनवरून एकच औषध दिलं होतं, “होतं असं.” सुईनंतरचा मलूलपणा एक-दोन दिवसांत जातो. तिसऱ्या दिवशीही मांजर आपल्या माणसाला ओळखत नसेल, तर दोष सुईवर ढकलू नये, जाऊन बघावं. मी तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. आता शिबिरात प्रत्येक पोत्याला मालकाच्या नावाची चिठ्ठी असते, आणि मी आधी तोंड बघतो, मग पाय. माझ्याही हातांवर खुणा आल्या आहेत.

राणूला प्रणालीने मांडीवर घेऊन घरी आणलं. पोतं नाही, अंधारी खोली नाही. चंद्रभागाबाईंनी भाकरीचा तुकडा दोघींवरून ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, “आन तिले आत. दूध काढून ठेवलं हाय.” एवढ्यावर नदीपलीकडचा विषय मिटला.

राणू दूध प्याली. मग उठून कापसाच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर थांबली. पाठीवरचे केस उभे. नजर आत.

“आता कोन हाय तिथं?” चंद्रभागाबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

“बोक्याचा वास आहे,” मी म्हणालो. मांजरांचं नाक आपल्यापेक्षा फार तिखट असतं. हे खरं आहे, कोणालाही विचारा. टेम्पो येऊन उभा राहिला होता. काशिनाथराव म्हणाले, “साब, मानसं आत उतरतीन. एकबार नळी लावून पाहाता का?” मी म्हणालो, मला उशीर होतोय. खरं तर मला कसलीच घाई नव्हती.

काशिनाथरावांनी दवाखान्यात जाऊन सुया घेतल्या. त्यानंतर चंद्रभागाबाईंचा फोन आला. “साब, हे सुईपासून गुमसुम बसून हायत. जेवत नाई.”

माझ्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते मागे घेऊन मी म्हणालो, “आधी उजेडात नेऊन चेहरा बघून घ्या. तेच आहेत ना?”

त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, “राणू बरी हाय. पन कापूस गेला, खोली झाडून घेतली, शेनानं सारवली, तरी आत पाय टाकत नाई. उंबऱ्यावर बसून पाहात राह्यते.”

“कुठे बघते?”

“कोपऱ्यात.”

“कोणत्या?”

“डाव्या,” त्या म्हणाल्या. “खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. काऊन साब?”

त्या दिवशी नळीतून काय ऐकू आलं, हे मी तिथं कोणालाही सांगितलं नव्हतं.

“होतं असं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.